अतिनील प्रकाशात खनिजांचे फोटो: अर्जापासून हार्ड डिस्कपर्यंत

जानेवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या जुन्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात एक हार्ड डिस्क, छापील यादी आणि पोचपावती असं सगळं देऊन आले. विभागातल्या खनिजांच्या नमुन्यांचे साध्या आणि अतिनील अशा दोन्ही प्रकाशांत फोटो काढायचं काम होतं. काही खनिजं अतिनील प्रकाश पडला की स्वतः रंगीत चमकतात, त्याला प्रतिदीप्ती म्हणतात. मी नाशिकला दागिन्यांचे फोटो काढते, त्यामुळे कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स हाताशी होती. पण अतिनील दिव्याबद्दल, त्याच्या परवानग्यांबद्दल, आणि अंधारात नक्की काय करायचं याबद्दल सुरुवातीला फार भीती वाटत होती. मराठीत वाचायला काही मिळालं नाही, म्हणून घडलं तसं लिहिते आहे.

विभागप्रमुख मॅडम माझ्याच वर्गशिक्षिका होत्या. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीआधी संग्रहाची डिजिटल नोंद पूर्ण करायची त्यांची इच्छा होती. मे महिन्यात भेटले तेव्हा म्हणाल्या, "पॉवेलाइट अंधारात कसा पेटतो ते तुमच्या वर्गाला मी नुसतं फळ्यावर सांगितलं होतं. आता मुलांना ते दिसलं पाहिजे." पॉवेलाइट म्हणजे कॅल्शियम मॉलिब्डेट. बेसाल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइट गटातल्या खनिजांच्या सोबतीनं तो क्वचित सापडतो, आणि जगभरच्या संग्रहांत त्याचे जे देखणे स्फटिक आहेत त्यांतले बरेचसे आपल्या नाशिक जिल्ह्यातले आहेत. ते ऐकल्यावर नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

कागदपत्रांपासून सुरुवात झाली. १० जून २०२४ ला प्राचार्यांच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत अर्ज दिला. पहिला अर्ज शेरा मारून परत आला: "अतिनील किरणांपासून विद्यार्थ्यांना धोका आहे काय, खुलासा करावा." प्रश्न रास्तच होता. दुसऱ्या अर्जासोबत तीन गोष्टी जोडल्या. एक, कोणत्या लहरीचे दिवे वापरणार आणि ते चालू असताना खोलीत कोण असणार याचं अर्ध्या पानाचं टिपण. दोन, नमुने इमारतीबाहेर नेणार नाही, हाताळताना काही तुटलं तर जबाबदारी माझी, असं १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचं हमीपत्र. (ऑक्टोबर २०२४ नंतर महाराष्ट्रात बहुतेक कामांना ५०० चा स्टॅम्प लागतो, तेवढं धरून चाला.) तीन, फोटो विभागाला शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य, आणि माझ्या संग्रहात मला ठेवता येतील, असं दोन ओळींत. हा तिसरा मुद्दा आधीच लिहून घ्या, नंतर काढला की अवघडल्यासारखं होतं. अर्ज देताना आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत मागून घ्या. माझी फाइल मधेच दुसऱ्या टेबलावर गेली होती, ती त्या क्रमांकावरूनच सापडली. परवानगीचं पत्र २२ जुलैला हातात आलं. अटी दोनच होत्या, काम सुट्टीत करायचं आणि प्रयोगशाळेचे काका सोबत असायला हवेत.

परवानगीची वाट पाहत असतानाच दिव्यांचा अभ्यास केला, आणि माझ्या मते या कामात कॅमेऱ्यापेक्षा दिवाच महत्त्वाचा. बाजारात दोनतीनशे रुपयांना मिळणाऱ्या जांभळ्या टॉर्च ३९५ नॅनोमीटरच्या असतात (नॅनोमीटर हे प्रकाशलहरीची लांबी मोजायचं एकक). त्यांचा बराच प्रकाश डोळ्यांना दिसणारा जांभळा असतो आणि तो दगडावरून सरळ परावर्तित होतो. मग फोटोत सगळंच जांभळं. खनिज स्वतः चमकतंय की त्यावर जांभळा उजेड पडलाय, हे त्यात कळत नाही. लाँगवेव्हसाठी, म्हणजे लांब लहरीच्या अतिनील प्रकाशासाठी, ३६५ नॅनोमीटरची एलईडी टॉर्च घ्यायची, आणि तिच्या तोंडावर काळी दिसणारी झेडडब्ल्यूबी२ काच हवी. ती काच दिसणारा प्रकाश बहुतांश अडवते आणि अतिनील जाऊ देते. अशी टॉर्च मला बॅटरी आणि चार्जरसह ३,४०० रुपयांना पडली.

टॉर्च हातात आल्यावर दोन चाचण्या घरीच करा. प्रिंटरचा पांढरा कागद आणि शंभरची नोट शेजारी ठेवून अंधारात टॉर्च मारा. कागदात पांढरेपणासाठी घातलेली द्रव्यं असतात, तो निळाधम्मक पेटतो. नोटेचा कागद तसा पेटत नाही, पण क्रमांक आणि कागदातले बारीक तंतू चमकतात. नोटेचा पृष्ठभाग जांभळा दिसला तर समजा, टॉर्चमधून दिसणारा प्रकाश गळतोय. दुसरी चाचणी गॉगलची. गॉगलच्या काचेतून टॉर्चचा झोत कागदावर पाडायचा. कागदाचा निळा उजेड विझला तर गॉगल अतिनील अडवतोय. ४५० रुपयांचा पॉलिकार्बोनेटचा साधा गॉगल यात उत्तीर्ण झाला.

खरी अडचण शॉर्टवेव्हची, म्हणजे आखूड लहरीच्या अतिनील प्रकाशाची. पॉवेलाइट लाँगवेव्हखाली फारसा बोलत नाही, त्याला २५४ नॅनोमीटर लागतं. हा प्रकाश पाऱ्याच्या कमी दाबाच्या नळीतून मिळतो. पाणी शुद्ध करायच्या यंत्रात असते तीच जात, पण पुढे खास फिल्टर लावलेली. नळी इथे सहज मिळते, तो फिल्टर मिळत नाही. फिल्टर नसेल तर नळीचा स्वतःचा निळसर उजेड सगळा फोटो धुऊन टाकतो. शेवटी परदेशातून फिल्टरसकट दिवा मागवला. वाहतूक धरून २१,५०० रुपये.

१९ ऑगस्टला मागणी नोंदवली आणि २८ ला दिवा मुंबईत उतरला. तिथून तो सुटायला २१ सप्टेंबर उजाडला. आधी कुरिअर कंपनीनं आधार, पॅन आणि सहीचं अधिकारपत्र मागितलं. ते अपलोड केल्यावर आठवडाभर काहीच हालचाल नाही. मग विचारणा आली, हे उपकरण वैद्यकीय आहे का, निर्जंतुकीकरणाचं आहे का, वापर काय? विभागाच्या लेटरहेडवर मॅडमनी पत्र दिलं: "खनिजांच्या प्रतिदीप्तीच्या अभ्यासासाठी व छायाचित्रणासाठी." सोबत उत्पादकाचं तांत्रिक पत्रक आणि पैसे भरल्याची पावती. कर आणि हाताळणी मिळून ९,३८० रुपये भरले. तुम्ही मागवणार असाल तर मागणी नोंदवतानाच असं पत्र तयार ठेवा, आणि विक्रेत्याला बिलावर नुसतं "यूव्ही दिवा" न लिहिता "खनिज तपासणीचा दिवा" असं लिहायला सांगा. त्या तीन आठवड्यांत रोज सकाळी आधी ट्रॅकिंग बघायची सवय लागली होती. दिवाळीची सुट्टी हुकली तर उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागणार, हीच धास्ती.

शॉर्टवेव्हच्या बाबतीत सुरक्षेवर अजिबात तडजोड नको. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांच्या बुबुळाचा वरचा थर भाजतो आणि त्या क्षणी काहीच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. आम्ही गॉगलवरून तोंडभर पारदर्शक फेसशील्ड, लांब बाह्या आणि हातमोजे वापरले. दारावर आतून कडी आणि बाहेर "दिवा चालू आहे, आत येऊ नये" अशी पाटी. नळीत पारा असतो, म्हणून ती फुटली तर खोली सोडायची, खिडक्या उघडायच्या, हे काकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. एक सोपी गोष्ट इथे मदतीला येते: साधी काच २५४ नॅनोमीटर अडवते. नमुना आणि दिवा यांच्या मधे काचेची पट्टी धरली आणि चमक गेली, तर ती शॉर्टवेव्हचीच होती. मुलांना दाखवायचं झालं तर नमुना आणि दिवा काचेच्या पेटीत ठेवून बाहेरून पाहता येतं.

दिवाळीच्या सुट्टीत प्रत्यक्ष काम सुरू झालं. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळा कार्डशीट आणि कडांना चिकटपट्टी. झरोक्यातून येणारी एक फट काकांनी जुन्या सतरंजीनं बुजवली. पूर्ण अंधार हवाच, कारण आपल्या महाराष्ट्रातल्या पुष्कळ खनिजांची चमक सौम्य असते. पुस्तकांतले आणि इंटरनेटवरचे फोटो बहुधा न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनच्या नमुन्यांचे असतात. विलेमाइट हिरवागार, कॅल्साइट लालभडक. ते डोक्यात ठेवून आपला स्टिल्बाइट दिव्याखाली धरला तर निराशा होईल. त्यावर उपाय म्हणून संगणकावर रंग चढवायचे नाहीत, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं.

ते कसं पाळायचं, हा मला सगळ्यांत अवघड वाटलेला भाग. नेहमीच्या फोटोत रंग जुळवायला रंगपट्टी ठेवता येते. इथे दिसणारा प्रकाश नमुन्यातूनच बाहेर पडतो, त्यामुळे ती पट्टी निरुपयोगी. मग अशी पद्धत बसवली: दिवा लावण्यापूर्वी दहा मिनिटं अंधारात बसायचं, डोळे सरावू द्यायचे. मग दिवा लावून मी आणि काकांनी आपापल्या वहीत, एकमेकांशी न बोलता, दिसलेला रंग आणि तीव्रता लिहायची. काकांचे शब्द माझ्यापेक्षा नेमके असायचे. मी "पिवळसर पांढरा" लिहिलेल्या एका कॅल्साइटपुढे त्यांनी लिहिलं होतं, "पिवळ्या बल्बवर दुधी काच लावल्यासारखा." संगणकावर रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) उघडताना समोर त्या दोन्ही वह्या असत, आणि फोटो वहीशी जुळला की हात थांबवायचा.

कॅमेऱ्याची मांडणी थोडक्यात सांगते. भक्कम ट्रायपॉड, रिमोट, सगळं मॅन्युअल. फोकस साध्या उजेडात जुळवून लेन्स मॅन्युअलवर टाकायची, मग दिवे घालवायचे. आयएसओ २००, एफ/८ ते एफ/११, एक्सपोजर नमुन्याप्रमाणे चार सेकंदांपासून तीस सेकंदांपर्यंत. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनला बांधून टाकला. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा प्रत्येक फोटोचा रंग आपल्या मनानं बदलतो. लेन्सपुढे ४०५ नॅनोमीटरच्या खालचं सगळं अडवणारा फिकट पिवळा फिल्टर लावला, नाहीतर परावर्तित अतिनील सेन्सरपर्यंत पोचून निळसर धुकं येतं. दुकानात "यूव्ही फिल्टर" म्हणून मिळणाऱ्या साध्या काचा याला पुरत नाहीत. आणि फिल्टर घेतल्यावर त्याच्यावरच टॉर्च मारून बघा. काही फिल्टर स्वतःच चमकतात. दिवा नमुन्यापासून चार-पाच इंचांवर, एक्सपोजर चालू असताना हळूहळू हलवत राहायचं, म्हणजे स्फटिकांच्या सावल्या भरून येतात. शॉर्टवेव्हची नळी काही मिनिटं तापली की प्रकाश स्थिर होतो. एलईडी टॉर्चचं उलटं, तापली की मंदावते, तिला मधेमधे विश्रांती द्यावी.

धुळीनं मात्र फार छळलं. साध्या उजेडात स्वच्छ दिसणारा अपोफिलाइट दिव्याखाली धरला की कपड्यांचे तंतू निळ्या तारांसारखे लखलखायला लागतात. कपडे धुण्याच्या पावडरीतली चमक आणणारी द्रव्यं त्या तंतूंत असतात. काळं मखमली कापड पार्श्वभूमीला आणलं होतं, तेच ठिपक्याठिपक्यांनी भरून गेलं. शेवटी मॅट काळ्या रंगाची लोखंडी पट्टी वापरली. नमुना फुंकणीनं आणि मऊ ब्रशनं साफ करायचा, झिओलाइटच्या सुईसारख्या गुच्छांना ब्रश लावायचाच नाही, नुसती हवा.

त्यातच एक शोध लागला. स्टिल्बाइटचा एक मोठा, दाराच्या कपाटात मानानं ठेवलेला नमुना लाँगवेव्हखाली जवळजवळ काळा राहिला, पण बुडाशी निळसर पांढरी रेघ उमटली. अगदी सलग, केसाएवढी, एका टोकाला थेंब ओघळल्यासारखी. कधीतरी तो तुटला होता आणि गोंदानं चिकटवला होता. भिंगातून साध्या उजेडात ती जोड सापडायला मला बराच वेळ लागला. मॅडमना दाखवलं, त्यांनी त्याच दिवशी नोंदवहीत त्या क्रमांकापुढे "दुरुस्त नमुना" अशी लाल शाईत नोंद केली. नमुने विकत घेणाऱ्यांनी ३६५ ची टॉर्च खिशात ठेवावी, असं मी आता सगळ्यांना सांगते.

माणकांचे दोन नमुने कर्नाटकातले, अपारदर्शक, षटकोनी. साध्या उजेडात ते मळकट गुलाबी, लाँगवेव्हखाली निखाऱ्यासारखे लाल. माणकातलं क्रोमियम ६९४ नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश देतं. १९६० मध्ये थिओडोर मेमन या अमेरिकी शास्त्रज्ञानं पहिला लेसर बनवला तो याच लाल रेषेवर. फोटो काढताना लाल चॅनल सर्वांत आधी जळतो आणि एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीकठाक दिसत राहतो. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे बघा आणि लाल काठाला टेकण्यापूर्वी एक्सपोजर थांबवा, नाहीतर स्फटिकाच्या कडा नाहीशा होऊन नुसता लाल डाग उरतो.

राजस्थानातल्या किशनगढचा सोडालाइट, हॅकमनाइट जातीचा, कधीकाळी सहलीत आणलेला. लाँगवेव्हखाली नारिंगी पेटतो, ते मला ठाऊक होतं. पण शॉर्टवेव्हखाली काही मिनिटं ठेवून साधा दिवा लावला तर मघाशी करडा असलेला दगड जांभळट गुलाबी झालेला. आणि बघता बघता, टेबललॅम्पच्या उजेडात, तो रंग विरत गेला. यासाठी साध्या प्रकाशाची मांडणी आधीच तयार ठेवावी लागते, कारण रंग थांबत नाही. आधी, लगेच नंतर, आणि उजेडात ठेवल्यावर असे एकाच एक्सपोजरचे तीन फोटो घेतले. काकांनी तो दगड पुन्हा दिव्याखाली ठेवायला लावला, आणि पुन्हा.

पॉवेलाइट शेवटी ठेवला होता. चहाच्या बशीएवढ्या मातृखडकावर फिकट अपोफिलाइट आणि त्याच्या कुशीत सहा-सात मिलिमीटरचा मधाच्या रंगाचा एक स्फटिक. दोन चतुष्कोनी पिरॅमिड बुडाशी जोडलेत असा आकार. लाँगवेव्हखाली मंद. शॉर्टवेव्हची नळी तापल्यावर दिव्यापुढची झडप उघडली आणि तो स्फटिक आतून सोनेरी पिवळा झाला. कडा धारदार, एका बाजूला आतली भेग काळ्या धाग्यासारखी, आणि शेजारच्या अपोफिलाइटच्या पैलूंत त्या सोनेरी उजेडाची प्रतिबिंबं. आम्ही दोघं काही बोललो नाही. माणकात चमक येते ती क्रोमियमच्या भेसळीमुळे, पण पॉवेलाइटमध्ये मॉलिब्डेटचा गट स्वतःच प्रकाश देतो. त्याचा भाऊ शीलाइट, कॅल्शियम टंगस्टेट, निळसर पांढरा चमकतो आणि त्यात मॉलिब्डेनम वाढत गेलं की रंग पिवळ्याकडे सरकतो. टंगस्टन शोधणारे लोक रात्री शॉर्टवेव्ह दिवे घेऊन खडक तपासतात ते यामुळेच.

त्याचा फोटो आयएसओ २००, एफ/८, वीस सेकंद. स्फटिक खोल असल्यामुळे फोकस थोडा थोडा सरकवत फोटोंची मालिका घेतली आणि नंतर जोडली. मालिका चालू असताना दिवा हलवता येत नाही, नाहीतर प्रत्येक फोटोत सावली वेगळी पडते आणि जोडणी फसते. म्हणून दिवा एका स्टँडला बांधला आणि समोरून ॲल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा परावर्तक म्हणून लावला. पांढरा कागद लावू नका, तो स्वतःच पेटतो.

मॅडमचा एक आग्रह होता आणि तो मला फार पटला. जे चमकत नाहीत त्यांचेही फोटो काढायचे, तितक्याच एक्सपोजरला. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळाजर्द कॅव्हन्साइट, ज्याच्यासाठी परदेशातून संग्राहक येतात, दोन्ही दिव्यांखाली काळाच राहिला. यादीत त्याच्यापुढे काळी चौकट आहे आणि खाली "प्रतिदीप्ती दिसली नाही" असं लिहिलंय. एकाच खनिजाचे दोन नमुने वेगळे वागले तेही तसंच नोंदवलं. कॅल्साइटचे तर जवळजवळ सगळेच वेगळे, कारण त्यात मँगनीज किती आणि लोह किती यावर चमक ठरते. लोह चमक मारतं. दिवा घालवल्यावरही क्षणभर उजळत राहणारे काही कॅल्साइट होते. त्यांच्यासाठी आयएसओ ३२०० ला, दिवा बंद होताच शटर उघडून, वेगळे फोटो घेतले.

डिसेंबर सगळा संगणकापुढे गेला. प्रत्येक फाइलच्या नावात नोंदवहीतला क्रमांक, लहर, एक्सपोजर. उदाहरणार्थ क्रमांकापुढे "२५४-२० से". फोटोखाली लहर लिहिलेली नसेल तर पुढच्या माणसाला तो फोटो कशाचा आहे हे तपासताच येत नाही, म्हणून छापील यादीत तो रकाना सर्वांत आधी ठेवला. जुन्या नोंदवहीत काही खनिजांची नावं पुसट, काही क्रमांक दोनदा आलेले. ते जुळवण्यात माझ्या अंदाजापेक्षा जास्त वेळ गेला, मॅडमनी संध्याकाळी थांबून मदत केली.

एकूण खर्च टॉर्च, दिवा, कर, फिल्टर, गॉगल-फेसशील्ड आणि किरकोळ सामान धरून ४१,००० च्या आसपास गेला. लेन्सपुढचा पिवळा फिल्टर जुन्या सामानाच्या दुकानात १,२०० ला मिळाला. फक्त लाँगवेव्हवर काम करायचं तर कॅमेरा सोडून सहा-सात हजारांत भागतं, आणि माणिक, सोडालाइट, कितीतरी कॅल्साइट त्यात येतात. शॉर्टवेव्ह दिव्याचा फिल्टर वापरानं हळूहळू मंद होतो, म्हणून काम नसताना दिवा चालू ठेवू नये आणि किती तास चालला याची वही ठेवावी. माझी वही दिव्याच्या पेटीतच आहे.

विभागाच्या मागच्या खोलीत लाकडी कपाटाचे खालचे दोन खण अजून उघडलेले नाहीत. त्यांच्या किल्ल्या हरवल्या होत्या, त्या फेब्रुवारीत सापडल्याचं मॅडमनी कळवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठीचा अर्ज मी या वेळी हमीपत्रासकट एकदमच दिला आहे, आवक क्रमांकही मिळालाय.